भट्टीतली काच पुन्हा पुन्हा तडकते? आधी तड्याची धार पाहा

खिडकीची ४ मिमी काच दोन थरांत घालून भट्टीत फ्यूज करणाऱ्यांची, म्हणजे वितळवून एकजीव करणाऱ्यांची, एकच तक्रार सारखी येते : रंग छान आला, कडा गोल झाल्या, पण थाळी तडकली. कधी झाकण उघडताच दिसते, कधी आठवडाभराने शोकेसमध्ये ठेवलेली वस्तू मध्यरात्री ‘टक्’ करून दुभंगते. मग पुढच्या वेळी तापमान वाढवले जाते, त्याच्या पुढच्या वेळी कमी केले जाते, आणि काच तडकतच राहते. कारण शोधायच्या आधीच उपाय सुरू होतात, म्हणून असे होते. तडकलेली काच स्वतःच बरेच सांगते. ती फेकू नका.

लक्षणे

तुकडे हातमोजे घालून उचला आणि तड्याची धार उजेडात धरा.

धार गोल, गुळगुळीत असेल, दोन तुकड्यांमध्ये फट पडून कडा मऊ झाल्या असतील, किंवा तुकडे थोडे सरकून पुन्हा चिकटले असतील, तर काच तापताना तडकली. तडकल्यानंतर ती ८०० अंशांपर्यंत गेली, म्हणून धार वितळून गोल झाली.

धार वस्तऱ्यासारखी असेल तर काच निवताना किंवा निवल्यावर तडकली. हा तडा बहुतेक वेळा सरळ जात नाही. मधून निघतो, वळसे घेतो आणि कडेजवळ आकड्यासारखा वळतो. असा नागमोडी तडा दिसला की पहिला संशय ॲनिलिंगवर, म्हणजे निवताना काच ठरावीक तापमानाला धरून तिचा ताण सोडवण्यावर, घ्यायचा.

तडा एखाद्या रंगीत तुकड्याच्या कडेकडेने, त्याला मिठी मारल्यासारखा फिरत असेल, तर त्या दोन काचा एकमेकींशी जुळणाऱ्या नाहीत.

खालच्या बाजूला पांढरा लेप घट्ट चिकटलेला असेल, खपल्या निघाल्या असतील, तडे एकाच ठिकाणाहून फाकले असतील, तर काच शेल्फला (भट्टीत काच जिच्यावर ठेवतात आणि चिकटू नये म्हणून जिला पांढरा लेप देतात ती लादी) धरली गेली होती.

साच्यात बसवताना, म्हणजे स्लंप करताना, तडकलेल्या काचेचा निवाडा थोडा वेगळा. तिथे तापमान ६६० ते ६९० अंशच असते, त्यामुळे धार फारशी गोल होत नाही आणि फसवते. दोन्ही तुकडे एकमेकांना लावून पाहा. वाकलेला आकार एका तुकड्यातून दुसऱ्यात सलग जुळत असेल, तर आधी काच वाकली आणि मग तडकली, म्हणजे निवताना. तुकड्यांचे बाक एकमेकांशी जुळत नसतील, तर आधी तडकली आणि मग प्रत्येक तुकडा आपापल्या परीने वाकला. हा दोष तापण्याच्या वेगाचा.

एक सवय आजपासून लावा. काच ठेवताना शेल्फच्या कडेला पेन्सिलीने दाराच्या बाजूची खूण करा. तीन-चार वेळा तडा एकाच बाजूने सुरू होत असेल, तर दोष काचेत नाही, भट्टीत किंवा खोलीत आहे.

बिनखर्ची तपासणी : भट्टी कधी उघडता आणि भोवती वारा कुठून येतो

आपल्याकडे भट्टी बहुधा गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये किंवा मागच्या पडवीत असते. मे महिन्यात जळगाव-भुसावळला ४४-४५ अंश असतात, म्हणून त्याच शेडमध्ये कूलर लावलेला असतो. कूलरचा झोत भट्टीच्या दारावर येत असेल तर एक बाजू लवकर निवते, आणि काचेला खपत नाही ते हेच. काच पातळ असली तरी उष्णता तिच्यातून हळू जाते. एक बाजू आकसते, दुसरी अजून पसरलेली असते, आणि हा ताण जिथे कड टवका उडालेली असेल तिथून तडा काढतो. कूलर बंद करता येत नसेल तर किमान त्याचे तोंड फिरवा.

उघडायचे तापमान आकड्याने ठरवू नका, फरकाने ठरवा. मे महिन्यात खोलीच ४३ अंशांवर असते, तिथे भट्टी ६० वर उघडली तरी चालते. धुळ्याकडे थंडीत पहाटे पारा १० च्या खाली उतरतो. त्या वेळी तीच ६० अंशांची काच बाहेर काढली तर फरक ५० चा होतो. खोली आणि भट्टी यांच्यात २० अंशांपेक्षा जास्त फरक असताना दार उघडायचे नाही. फट करून ‘जरा बघतो’ हेही नाही.

बाहेर काढलेली काच कडप्प्यावर, शहाबादी फरशीवर किंवा स्टीलच्या टेबलावर ठेवू नका. लाकडी पाट किंवा चार पदरी घडी केलेली सुती चादर घ्या. कोमट काच नळाखाली धरणे तर अजिबात नको, थंडीत टाकीचे पाणी बर्फासारखे असते.

भट्टीच्या झाकणाची फटही आताच पाहून घ्या. भट्टी गार असताना झाकणात वर्तमानपत्राची पट्टी अडकवून ओढा. चारही बाजूंना थोडी ओढ जाणवली पाहिजे. एखाद्या बाजूने पट्टी सहज निघाली तर तिथून गार हवा आत जाते. पाहण्याच्या भोकाला बोळा असेल तर भट्टी ५५० ला उतरली की तो लावून टाका. खालून हवा आत आणि वरून बाहेर, अशी चिमणी तयार होऊ द्यायची नाही.

काच कुठली आहे?

इथे थांबून नीट पाहायला हवे, कारण निम्मी डोकेदुखी इथेच मिटते.

काच तापली की पसरते आणि निवली की आकसते. किती, हे तिच्या मिश्रणावर ठरते. हा प्रसरणांक खिडकीच्या फ्लोट काचेचा साधारण ८२ ते ८८, फ्यूजिंगसाठी विकल्या जाणाऱ्या रंगीत काचांचा ९० किंवा ९६, आणि प्रयोगशाळेच्या बोरोसिलिकेट काचेचा ३३ च्या आसपास असतो. हे आकडे दर अंशाला एक कोटीव्या भागाचे आहेत, म्हणून क्षुल्लक वाटतात. हिशोब करून पाहा. ८६ ची आणि ९६ ची काच एकत्र वितळवली आणि ५०० अंश खाली आणली, तर २० सेंमी लांबीत एक काच दुसरीपेक्षा ०.१ मिमी जास्त आकसायला बघते. चिकटलेली असल्यामुळे तिला आकसता येत नाही. हा दशांश मिलिमीटर थाळी फोडायला पुरतो. कितीही हळू निववली तरी हा ताण जात नाही, कारण तो ॲनिलिंगचा ताणच नाही.

बांगड्यांच्या तुकड्यांबद्दल वेगळे सांगायला हवे. लाल-हिरव्या काचेच्या बांगड्यांचे तुकडे खिडकीच्या काचेवर मांडून नक्षी करायची हौस आपल्याकडे पुष्कळांना आहे, आणि ती नक्षी गार होईपर्यंत फार सुंदर दिसते. पण बांगडीची काच वेगळ्या मिश्रणाची असते, आणि एकाच डझनातल्या दोन रंगांचीसुद्धा सारखी असेलच असे नाही. वरची सोनेरी वेलबुट्टी भट्टीत जळून करडी पडते ते निराळेच. तडा बांगडीच्या तुकड्याभोवती अर्धवर्तुळ घेत असेल तर वेळापत्रक बदलण्यात वेळ घालवू नका. बांगडी काढा.

बाटल्यांचेही तसेच. एकच बाटली चपटी करायला हरकत नाही. दोन वेगवेगळ्या बाटल्या, किंवा बाटली आणि खिडकीची काच, एकत्र वितळवायच्या तर आधी चाचणी. फ्लोट काचसुद्धा काचवाल्याकडून कटपीस म्हणून आणली असेल तर दोन तुकडे दोन वेगळ्या कारखान्यांचे असू शकतात. थाळीचे दोन्ही थर एकाच तक्त्यातून कापा आणि उरलेल्या तुकड्यावर काच-पेनने आणल्याची तारीख लिहा. टफन्ड काच कापताच येत नाही, तिचा चुरा होतो. गाडीच्या दाराची काच आणि मायक्रोवेव्हची फिरती थाळी भट्टीच्या कामात आणू नका.

*ताण पाहण्याची चाचणी.* यासाठी जुना एलसीडी मॉनिटर किंवा लॅपटॉप आणि पोलराइज्ड गॉगल एवढे पुरते. पडद्यावर पूर्ण पांढरे चित्र लावा. गॉगलची एक काच डोळ्यासमोर धरून फिरवा, पडदा काळा होईल तिथे थांबवा. आता मधे तुमची फ्यूज केलेली काच धरा. ताण नसलेली काच काळीच राहते. जिथे ताण आहे तिथे पांढुरका उजेड फुटतो. रंगीत तुकड्याभोवती उजेडाचे कडे दिसले तर जोडी जमत नाही. सगळ्या काचेत, विशेषतः कोपऱ्यांत आणि मध्यभागी उजेड पसरलेला असेल तर ॲनिलिंग कमी पडले. चाचणीच्या वेळी काच खोलीच्या तापमानाला आलेली हवी, हाताची ऊबसुद्धा क्षणभर उजेड दाखवते.

नवीन रंग आणला की हीच चाचणी छोट्या प्रमाणात करा. ५ सेंमी चौकोनी पारदर्शक फ्लोटवर २ सेंमीचा रंगीत तुकडा, त्याच्या शेजारी त्याच फ्लोटचा २ सेंमीचा तुकडा, दोन्ही पूर्ण फ्यूज करा. शेजारचा फ्लोटचा तुकडा कशाला? त्याच्याभोवतीही कडे दिसले तर दोष रंगाचा नसून तुमच्या ॲनिलिंगचा आहे हे कळते. त्याच्याशिवाय चाचणी अर्धवट राहते, आणि बहुतेक जण तोच विसरतात.

कापलेली कडही तपासा. कटरने ओढलेली रेघ मधे तुटली असेल आणि पकडीने तोडताना कडेला शिंपल्यासारखे टवके निघाले असतील, तर तडा तिथूनच सुरू होतो. ओल्या कार्बोरंडम दगडाने कड घासून घ्या. कोरडी काच घासू नका, धूळ फुप्फुसात जाते.

काच धूसर होणे, वर पांढरट साय येणे हा तडक्याहून वेगळा रोग आहे. तो बोअरच्या जड पाण्याचे डाग, कापसाचे तंतू आणि काळ्या मातीची धूळ यांतून वाढतो. शेवटचे धुणे बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने करा, तेवढ्याने बराच फरक पडतो. फ्लोटच्या कथलाकडच्या बाजूला (कारखान्यात वितळलेल्या कथलावर टेकलेली बाजू) येणारा धुरकट पापुद्राही तडक्याचे कारण नाही.

शेल्फ आणि लेप

चांगला लेप काचेला शेल्फवर सरकायला मोकळीक देतो. निवताना काच आणि शेल्फ वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. काच एका जागी धरली गेली की तिथून फाटते.

साधा लेप म्हणजे ॲल्युमिना हायड्रेट आणि चायना क्ले समान भाग, आणि एक माप पूड असेल तर पाच मापे पाणी. मऊ ब्रशने चार-पाच हात द्या, प्रत्येक हाताची दिशा बदला, आणि मधे मधे ढवळत राहा, कारण पूड लगेच तळाशी बसते. मग शेल्फ भट्टीत २६० अंशांवर अर्धा तास सुकवा. पावसाळ्यात हे सुकवणे टाळले की ओली शेल्फ वाफेने स्वतःच तडकते आणि काचेखाली फुगे धरते ते वेगळेच.

पूर्ण फ्यूज झाल्यावर तोच लेप पुन्हा वापरणे ही सर्रास दिसणारी काटकसर आहे. लेपातली माती एकदा ८०० पार भाजली की दुसऱ्या वेळी काचेला चिकटते. पूर्ण फ्यूजनंतर दर वेळी खरवडून नवा लेप द्या. खरवडताना एन-९५ मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसा, झाडू फिरवू नका. नुसत्या स्लंपसाठी मात्र साच्यावरचा लेप खरचटत नाही तोवर अनेक वेळा चालतो. प्लास्टर ऑफ पॅरिसचा थर लेप म्हणून देऊ नका. कौल, घरातली टाइल शेल्फ म्हणून वापरू नका, त्यांना हे तापणे-निवणे झेपत नाही.

शेल्फ भट्टीच्या तळावर सपाट ठेवली असेल तर खाली २५ मिमीचे तीन ठोकळे द्या. खालून हवा फिरली की काचेची खालची बाजू वरच्या बाजूच्या बरोबरीने निवते. कॉइल भिंतींत असतील तर काच भिंतीपासून किमान ५ सेंमी आत हवी.

वेळापत्रक : परदेशी आकडे, देशी काच

वरचे सगळे ठीक असूनही धारदार, नागमोडी तडा येत असेल तर कारण जवळजवळ नेहमी हेच असते. इंटरनेटवरची बहुतेक वेळापत्रके ९० किंवा ९६ च्या काचेसाठी लिहिलेली असतात. बुल्सआय या अमेरिकन कंपनीच्या ९० च्या काचेला ॲनिलिंगसाठी ४८२ अंश सांगितलेले असतात, आणि त्या काचेला ते बरोबरच आहे. खिडकीची फ्लोट काच ५५० अंशांच्या आसपास आपला ताण सोडते. ५१० च्या खाली ती इतकी ताठ झालेली असते की ताण सोडणे जवळपास थांबते. म्हणजे फ्लोट काच ४८२ वर दोन तास धरली तरी ॲनिलिंग होत नाही, नुसती वीज जळते. काच बाहेर अखंड येते, ताण पोटात ठेवून, आणि आठवड्याने फुटते.

दुसरा घोळ फॅरनहाइटचा. तापमान बदलताना ३२ वजा करून ५/९ ने गुणतो, म्हणजे १५०० फॅरनहाइट झाले ८१५ सेल्सिअस. पण *वेग* बदलताना ३२ वजा करायचे नसतात. तासाला ३०० फॅरनहाइट म्हणजे तासाला १६७ सेल्सिअस. पुष्कळ जण वेगाचा ३०० हा आकडा तसाच भट्टीच्या कंट्रोलरमध्ये (तापमान नियंत्रकात) घालतात. मग काच जवळजवळ दुप्पट वेगाने तापते आणि गोल धारेचा तडा येतो.

४ मिमीचे दोन थर, म्हणजे ८ मिमी फ्लोट, यासाठी सावध वेळापत्रक असे :

१. तासाला १२० ने ५५० पर्यंत, २० मिनिटे थांबा.
२. तासाला १५० ने ६७० पर्यंत, ३० मिनिटे. थरांमधली हवा इथे कडेने निघून जाते.
३. तासाला ३०० ने ८१५ पर्यंत, १२ ते १५ मिनिटे.
४. भट्टीच्या वेगाने ५५० पर्यंत खाली, झाकण न उघडता. ७५ मिनिटे थांबा.
५. तासाला ६० ने ४७० पर्यंत.
६. तासाला ११० ने ४०० पर्यंत.
७. पुढे विटांची भट्टी आपोआप सावकाश निवते, ती बंद करा. सिरॅमिक फायबरची भट्टी फार लवकर निवते. तिला तासाला १५० चा वेग १०० अंशांपर्यंत द्या.

८१५ हा आकडा भट्टीगणिक १०-१५ अंश इकडेतिकडे होईल. ५५० च्या बाबतीत मात्र घाई करू नका.

जाडी वाढली की वेळ सरळ पटीत वाढत नाही. जाडी दुप्पट झाली की निववण्याचा वेग चौपट कमी करावा लागतो, कारण आतली उष्णता बाहेर यायला तेवढी वाट चालावी लागते. १२ मिमीला ५५० वर २ तास आणि पुढे तासाला ५० ने उतार. २० मिमीला ३ तास आणि तासाला २५. २५ मिमीला ४ तास आणि तासाला १५. या काळात भट्टी वीज फार खात नाही, म्हणून इथे वाचवायला जाऊ नका.

केळीच्या पानाच्या आकाराची थाळी घ्या. सावदा-फैजपूरकडे ही हौस ओघाने येतेच. पान ८ मिमीचे, मधल्या शिरेसाठी वर ४ मिमीची पट्टी, म्हणजे शीर १२ मिमीची. टोकाला पान निमुळते होते. निवताना टोक आणि कडा आधी गार होतात, शीर मागे राहते. तडा नेहमी शिरेला लागून लांबीने जातो, किंवा टोकापासून ३-४ सेंमीवर आडवा पडतो. इथे ८ मिमीचे वेळापत्रक तर चालत नाहीच, १२ मिमीचेही पुरत नाही. जाडी असमान असली की सर्वांत जाड जागेच्या दीडपट ते दुप्पट जाडी धरायची, म्हणजे या पानाला २० मिमीचे वेळापत्रक. टोक फार अणकुचीदार न ठेवता बोटाच्या पेराएवढी गोलाई दिली तर धोका आणखी कमी होतो.

स्लंपच्या वेळी तापवण्याचा वेग तासाला ८० ते १०० वर आणा. पहिल्या खेपेला ४ मिमीच्या दोन सुट्या काचा तापत होत्या, आता ८ मिमीची एकसंध लादी तापते आहे. आणि स्लंपनंतर ॲनिलिंग पुन्हा पूर्ण करायचे. ५५० पार गेलेल्या काचेचे आधीचे ॲनिलिंग पुसले जाते.

थर्मोकपल खरे बोलते का?

थर्मोकपल म्हणजे भट्टीतले तापमान मोजून कंट्रोलरला कळवणारी दोन तारांची जोडी. कंट्रोलर ५५० दाखवतो आणि काच खरोखर ५१० वर असेल, तर वरचे सगळे वेळापत्रक व्यर्थ. पहिली तपासणी फुकट आहे. रात्रभर बंद असलेल्या भट्टीचा आकडा सकाळी खोलीतल्या साध्या थर्मामीटरशी ताडून पाहा. २-३ अंशांचा फरक चालेल, १० चा चालणार नाही. गार असताना आकडा बरोबर आला म्हणजे गरम असतानाही बरोबर येईलच असे नाही, पण गार असतानाच चुकत असेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही.

भट्टी तापत असताना आकडा *खाली* जाऊ लागला तर थर्मोकपलच्या दोन तारा उलट जोडल्या आहेत. भट्टी तत्काळ बंद करा. के-टाइपच्या (भट्टीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या प्रकारच्या) थर्मोकपलच्या अमेरिकन रंगपद्धतीत लाल तार ऋण असते, आणि लाल म्हणजे धन समजून जोडणी केली जाते. थर्मोकपल ते कंट्रोलर ही तारही के-टाइपचीच हवी. साधी तांब्याची तार जोडली तर आकडा कमी येतो, आणि थर्मोकपलला तार जोडलेली जागा भट्टीच्या उष्णतेने कंट्रोलरच्या पेटीपेक्षा जितकी जास्त तापते तितका जास्त चुकतो. उन्हाळ्यात ही पेटी भट्टीपासून हातभर लांब, पत्र्याला न चिकटवता लावा. बऱ्याच कंट्रोलरना भोवतालची हवा ५० अंशांपर्यंतच सोसते.

थर्मोकपलचे टोक भिंतीतून किमान २५ मिमी आत आलेले हवे, आणि शेल्फ किंवा काच त्याला टेकलेली नको.

गरम असतानाची चूक ओळखण्यासाठी पट्टीची चाचणी ठेवा. ३ मिमी फ्लोटची २५ मिमी रुंद, २५ सेंमी लांब पट्टी दोन ठोकळ्यांवर पुलासारखी टेकवा. तासाला १५० ने तापवा आणि ६०० नंतर भोकातून बघत राहा. काळा चष्मा लावा, चेहरा भोकाला चिकटवू नका. पट्टी मधोमध १ सेंमी झोक खाते तेव्हाचा आकडा वहीत लिहा. भट्टी चांगली चालत असतानाच ही नोंद करून ठेवायची. दर सहा महिन्यांनी तीच चाचणी करा. तीच काच, तोच वेग असताना आकडा १५-२० अंशांनी सरकला असेल तर थर्मोकपल बदला.

व्होल्टेज, वीज जाणे आणि कॉइल

पंपांच्या वेळी गावाकडच्या फीडरवर व्होल्टेज १९० पर्यंत उतरले तर ३ किलोवॅटची भट्टी जेमतेम २ किलोवॅटची होते. वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते, म्हणून १७ टक्के व्होल्टेज गेले की ३२ टक्के उष्णता जाते. भट्टी वर चढायला दमते, ७०० ते ७६० च्या टप्प्यात रेंगाळते आणि काच धूसर होते. तडक्याशी याचा संबंध निवताना येतो : कमजोर व्होल्टेजमुळे, किंवा एक कॉइल गेल्यामुळे, भट्टीची एक बाजू मागे पडते. मोठा स्टॅबिलायझर घेण्याआधी आठवडाभर वेगवेगळ्या वेळी व्होल्टेज लिहून पाहा. वेळ बदलून काम भागते का ते कळेल.

वीज मधेच गेली तर झाकणाला हात लावू नका. ५५० च्या वर असताना गेली आणि वीज आली तेव्हाही भट्टी ५५० च्या वर असेल तर काही बिघडले नाही, उरलेले वेळापत्रक पुढे चालवा. ५५० ते ४०० च्या दरम्यान खंड पडला तर तासाला ८० ने पुन्हा ५५० ला नेऊन ॲनिलिंग पहिल्यापासून करा. ४०० च्या खाली असेल तर विटांच्या भट्टीत तशीच निवू द्या आणि मग गॉगलची चाचणी करा. वीज आल्यावर कंट्रोलर काय करतो, कार्यक्रम पहिल्या पायरीपासून सुरू करतो की थांबून राहतो, हे रिकाम्या भट्टीवर आधीच पाहून ठेवा. निवणारी काच आपोआप पुन्हा ८१५ ला गेली तर केलेली नक्षी सपाट होते.

कॉइल तपासायच्या तर प्लग भिंतीतून काढूनच, नुसता स्विच बंद करून नाही. मल्टिमीटरवर ३ किलोवॅटच्या भट्टीचा एकूण रोध साधारण १७.६ ओहम येतो, म्हणजे २३० चा वर्ग भागिले ३०००. आकडा १९-२० च्या पुढे गेला असेल तर कॉइल म्हाताऱ्या झाल्या. मध्येच दुप्पट आला तर समांतर जोडलेल्या दोन कॉइलपैकी एक तुटली. मीटर लावण्यापलीकडे इथे हौशी माणसाने जाऊ नये.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

भट्टीच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, किंवा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार पडू लागला, तर प्लग काढा आणि वीजतंत्री येईपर्यंत लावू नका. आरसीसीबी काढून भट्टी चालवणे जिवाशी खेळ आहे.

ठरवलेले तापमान आल्यावरही भट्टी चढतच राहिली तर एसएसआर (कॉइलची वीज चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) चालू अवस्थेत अडकला आहे. एसएसआर बिघडला की बहुतेक वेळा असाच, चालू राहून बिघडतो. मेन बंद करा. दुरुस्ती करणाऱ्याला एसएसआर बदलण्याबरोबर वेगळा कॉन्टॅक्टर आणि जादा तापमानाला तोडणारे संरक्षण बसवायला सांगा.

१६ अँपिअरचा प्लग काळपट पडला, सॉकेटला जळका वास आला, वायर हाताला गरम लागली तर तेही वीजतंत्र्याचेच काम. ३ किलोवॅटची भट्टी सलग १३ अँपिअर ओढते. तिला स्वतंत्र ४ चौमिमी तांब्याची वायर, चांगले अर्थिंग आणि वेगळा एमसीबी हवा, एक्स्टेन्शन बोर्ड नको.

कॉइल बदलणे, फुटलेली वीट किंवा सुटलेले फायबर बसवणे भट्टी बनवणाऱ्यावर सोपवा. तापून जुन्या झालेल्या फायबरची धूळ श्वासात जाणे वाईट, ते घरात सुटे करू नका.

आणि काचेबद्दल : गॉगलच्या चाचणीत रंगीत तुकड्याभोवती कडे दिसलेली वस्तू दुरुस्त होत नाही. ती कुणाला भेट देऊ नका, तिच्यात अन्न वाढू नका. डोळ्यांवर चष्मा चढवून ती कागदात गुंडाळा आणि टाकून द्या. कमी ॲनिलिंगची, पण अखंड असलेली वस्तू मात्र वाचते : तासाला ५० ने ५५० पर्यंत न्या, जाडीप्रमाणे थांबवा, उतार पुन्हा द्या.

भट्टीवाल्याला फोन करताना हातात एवढे असू द्या : काचेची जाडी आणि थर, कंट्रोलरमध्ये प्रत्यक्ष घातलेले वेळापत्रक, गार भट्टीचा सकाळचा आकडा, पट्टी झोक खाते तो आकडा, भट्टी पूर्ण चालू असतानाचे व्होल्टेज, आणि दाराच्या खुणेसह तडक्याचा फोटो, धार स्पष्ट दिसेल असा जवळून काढलेला.